१२३४५६५४३२१: दिसणं दशमानाचं, गुण संख्येचे

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या नववीतल्या मुलीनं मोबाइलवर १,११,१११ ला १,११,१११ नंच गुणलं आणि उत्तर आलं १२३४५६५४३२१. एकापासून सहापर्यंत चढायचं आणि परत एकावर उतरायचं. शाळेच्या प्रश्नमंजूषेत या संख्येवर काहीतरी विचारणार आहेत म्हणे. तर ही मूळ संख्या आहे का, हिला किती संख्यांनी नि:शेष भाग जातो, आणि असं उत्तर योगायोगानं येतं की त्यामागं कारण आहे? शिवाय आईचा म्हणून एक प्रश्न वेगळा: यात वेळ घालवून एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या परीक्षेला, काही उपयोग?

ताई, आधी थोडक्यात उत्तरं देतो, म्हणजे मुलीला लगेच सांगता येतील. ही मूळ संख्या नाही. दुसऱ्या संख्येचा वर्ग म्हटल्यावर मूळ असण्याचा प्रश्नच येत नाही. तिला २४३ संख्यांनी नि:शेष भाग जातो, १ आणि ती स्वतः धरून. उत्तराच्या देखणेपणाला कारण आहे आणि ते पाचवीच्या मुलाला कळण्याइतकं सोपं आहे. पण ते देखणेपण आणि हे २४३ विभाजक यांचा एकमेकांशी संबंध लोक समजतात तेवढा नाही. अंकांची चढउतार ही आपल्या लिहिण्याच्या पद्धतीची करामत आहे, विभाजक मात्र संख्येचे स्वतःचे आहेत. मला सांगायचं आहे ते मुख्यतः हेच, आणि त्याला जरा जागा लागेल.

संख्या नीट वाचून घेऊ. आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम दिले तर १२,३४,५६,५४,३२१, म्हणजे बारा अब्ज चौतीस कोटी छप्पन्न लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. आमच्याकडची दोन्ही भाषा बोलणारी पोरं असं वाचत बसत नाहीत. वंदू, एरडू, मूरू, नाल्कू, ऐदू, आरू म्हणत कन्नडमधून चढतात आणि पाच, चार, तीन, दोन, एक म्हणत मराठीतून उतरतात. मोठी किती? तेवढे सेकंद मोजायचे तर सुमारे ३९१ वर्षं लागतात. शिवाजी महाराजांच्या बालपणी कुणी मोजायला बसला असता तर आत्ता कुठं उठला असता.

आता कारण. सगळं हातच्यावर आहे, म्हणजे हातचा न येण्यावर. वहीत १,११,१११ गुणिले १,११,१११ हा गुणाकार मांडा, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून. गुणकातला प्रत्येक अंक १ आहे, म्हणून प्रत्येक ओळीत १११११ च्या पुढं आणखी एक १, असे तेच सहा एक येतात. फक्त दर ओळ एक घर डावीकडं सरकते. अशा सहा ओळी झाल्या की उभ्या बेरजा करा. अगदी उजवीकडच्या घरात एकच १ आहे. त्याच्या डावीकडं दोन, मग तीन, आणि सहाव्या घरात सहाही ओळींचे मिळून सहा. तिथून पुढं वरच्या ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून पाच, चार, तीन, दोन, एक. कुठल्याही घराची बेरीज नवाच्या वर जात नाही, त्यामुळे हातचा येत नाही आणि मोजलेले एक जसेच्या तसे उत्तरात उतरतात.

एवढं कळलं की पुढचं न गुणता सांगता येतं. सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१, आठांचा १२३४५६७८७६५४३२१, नऊ एकांचा १२३४५६७८९८७६५४३२१. दहा एक घेतले की मधल्या घरात १० जमतात, हातचा पुढं सरकतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढणीवरचा ८ गायब आणि शिखरावर दोन शून्यं. हीच रांग व्हॉट्सॲपवर ‘वैदिक चमत्कार’ म्हणून फिरते तेव्हा नवावरच थांबते, दहाव्याचं कुणी पुढं पाठवत नाही. मुलीला दहावं मुद्दाम करायला लावा. नियम कुठं मोडतो ते बघितलं की तो का चालत होता ते पक्कं बसतं.

इथं एक व्यवहारातली गोष्ट सांगून ठेवतो. दुकानातल्या आठ अंकी कॅल्क्युलेटरवर आपली अकरा अंकी संख्या मावत नाही. बारा अंकीवर मावते, पण आठ एकांच्या वर्गाला तोही पुरत नाही. आणि संगणकावर एक्सेलमध्ये नऊ एकांचा वर्ग केलात तर १२३४५६७८९८७६५४३०० असं दिसेल, कारण ते सॉफ्टवेअर पंधरा सार्थ अंकच जपतं आणि पुढच्या जागी शून्यं भरतं. शेवटी २१ च्या जागी ०० आले म्हणून नियम मोडला असं समजणारी मुलं मी बघितली आहेत. विषम संख्येचा वर्ग शून्यावर संपूच शकत नाही, एवढं लक्षात असलं तर यंत्राची चूक लगेच पकडता येते.

उलट्या बाजूनंही जाऊन बघण्यासारखं आहे. भागाकार पद्धतीनं वर्गमूळ काढायला आठवीच्या सुमारास शिकवतात, आणि बहुतेकांना तो प्रकार नकोसा होतो. या संख्येवर तो करून बघा. उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडल्या की १, २३, ४५, ६५, ४३, २१. पहिला १, वर १, बाकी ०. खाली २३ उतरवला. भाजक २१, एकदा गेला, बाकी २. पुढं २४५, भाजक २२१, बाकी २४. मग २४६५, भाजक २२२१, बाकी २४४. मग २४४४३, भाजक २२२२१, बाकी २२२२. शेवटची जोडी उतरवली की २२२२२१, आणि भाजकही नेमका २२२२२१. बाकी शून्य. वर सहा एक ओळीत उभे. दर पायरीला नवा अंक १ च येतो, अंदाज करावा लागत नाही, म्हणून ही पद्धत पहिल्यांदा शिकवायला मी हेच उदाहरण घेत असे. पुस्तकातली उदाहरणं ५७७६ वगैरेवर संपतात आणि पद्धत कशी वाढत जाते ते दिसतच नाही.

आता विभाजकांकडं वळू. अकरा अंकी संख्येचे अवयव पाडायचे म्हटलं की पोरं २ पासून भाग देत सुटतात. तशी गरज नाही. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट करा: १२, ३४५, ६५४, ३२१. उजवीकडून एक आड एक अधिक-वजा करत चला: ३२१ − ६५४ + ३४५ − १२ = ०. शून्य आलं याचा अर्थ संख्येला १००१ नं भाग जातो, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. तीन कसोट्या एका दमात झाल्या. सातची कसोटी म्हणून मुलं जे काही शेवटच्या अंकाची दुप्पट वजा करत बसतात, त्यापेक्षा हे कितीतरी बरं.

मग तेच गट नुसते मिळवा: १२ + ३४५ + ६५४ + ३२१ = १३३२, आणि त्याचे पुन्हा गट केले की १ + ३३२ = ३३३. ही कसोटी ९९९ ची, म्हणजे २७ × ३७ ची. ३३३ ला ३७ नं भाग जातो, ९ नं जातो, २७ नं जात नाही. आपल्या अकरा अंकी संख्येचंही तंतोतंत तसंच. संख्या वर्ग आहे, म्हणून तिच्यातला प्रत्येक मूळ अवयव जोडीनं आलेला असणार. तेव्हा पूर्ण मांडणी अशी:

१२३४५६५४३२१ = ३ × ३ × ७ × ७ × ११ × ११ × १३ × १३ × ३७ × ३७

याहून सोपी वाटही आहे: १,११,१११ = १११ × १००१, आणि १११ = ३ × ३७. मग वर्ग करायचा. पण परीक्षेत ही संख्या कुठून आली हे सांगितलेलं नसेल तर गटांची कसोटीच कामाला येते.

विभाजक मोजायचे तर एकेक शोधायचा नाही. कुठलाही विभाजक बनतो या पाच मूळ संख्यांतूनच. त्यात ३ एकदाही नसेल, एकदा असेल किंवा दोनदा असेल: तीन शक्यता. सातच्या तीन, अकराच्या तीन, तेराच्या तीन, सदतीसच्या तीन. ३ × ३ × ३ × ३ × ३ = २४३. आणि २४३ ही विषम संख्या आहे याकडं मुलीचं लक्ष वेधा. विभाजक जोडीजोडीनं येतात, एक लहान, एक मोठा, दोघांचा गुणाकार आपल्या संख्येइतका. इथं १२१ जोड्या लागतात आणि १,११,१११ एकटा उरतो, कारण त्याचा जोडीदार तो स्वतःच. ज्या संख्येचे विभाजक विषम, ती वर्गसंख्या. हे उलटसुलट दोन्हीकडून खरं आहे.

मी सुरुवातीला म्हटलं की देखणेपण आणि विभाजक यांचा फारसा संबंध नाही, ते आता दाखवता येतं. शेजारच्या दोन संख्या घ्या. पाच एकांचा वर्ग १२३४५४३२१. १११११ = ४१ × २७१, दोन्ही मूळ; म्हणून वर्गाचे विभाजक फक्त ९. सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१, आपल्या संख्येहून शंभरपट मोठा आणि दिसायलाही एक पायरी उंच. पण ११,११,१११ = २३९ × ४६४९, दोन्ही मूळ, म्हणून विभाजक पुन्हा ९ च. मधे बसलेल्या सहावाल्या संख्येला २४३. तिघी एकाच ठशाच्या दिसतात, आतून काहीच साम्य नाही.

असं का? कारण ६ ला २ आणि ३ नं भाग जातो. सहा एक दोन-दोनच्या गटांत पडतात, म्हणून ११ नं भाग जातो. तीन-तीनच्या गटांत पडतात, म्हणून १११ नं जातो. पाच आणि सात एकांचे असे समान गट पडत नाहीत, तिथं अवयव मिळाले तर ते आडवाटेनं मिळतात. याच कारणानं नुसत्या एकांची संख्या मूळ व्हायची असेल तर एकांची गणती मूळ असावीच लागते. पण तेवढं पुरत नाही, पाच आणि सातनं आत्ताच दाखवलं. दोन एकांची ११ मूळ आहे, आणि त्यानंतर थेट एकोणीस एकांची, मग तेवीस एकांची.

याहून पक्का पुरावा हवा तर अंक तेच ठेवून पद्धत बदला. दशमानाऐवजी सप्तमान घ्या, जिथं ० ते ६ एवढेच अंक असतात आणि दर घराची किंमत सातपट होते. सप्तमानात लिहिलेल्या १११११ च्या पुढं आणखी एक १ दिला, की ती आपल्या नेहमीच्या लिहिण्यात १९६०८ होते. तिचा वर्ग ३८,४४,७३,६६४. आणि हा वर्ग सप्तमानात लिहिला तर? १२३४५६५४३२१. हातचा तिथंही येत नाही, कारण सर्वांत मोठी बेरीज ६ आणि ६ हा अंक सप्तमानात आहे. म्हणजे अंक हुबेहूब तेच, संख्या मात्र वेगळीच. १९६०८ = ८ × ३ × १९ × ४३. सम आहे, तिच्यात सात नाही, अकरा नाही, तेरा नाही, सदतीस नाही. सप्तमान किंवा त्यावरच्या कुठल्याही पद्धतीत ही चढउतार वर्गच असते. पद्धतीचा आधार क धरला तर सहा एकांचे तीन साचे कायम राहतात: (क + १), (क × क + क + १) आणि (क × क − क + १). क च्या जागी १० ठेवा, ११, १११ आणि ९१ मिळतात. ७ ठेवा, ८, ५७ आणि ४३ मिळतात. साचा लिहिण्याच्या पद्धतीतून येतो, पण त्या साच्यात ओतल्यावर मूळ अवयव कुठले निघतील ते आधारावर ठरतं. नववीच्या मुलीला बैजिक राशींचे अवयव आहेतच, तेव्हा हा गुणाकार तिला स्वतः करून बघता येईल.

या संख्येला इतिहासही आहे, आणि तो आपल्या कर्नाटकातलाच आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. राजधानी मान्यखेट, म्हणजे आताचं कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड. त्यांचा ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ संस्कृतात आहे, म्हणून महावीराचार्य तुमचे की आमचे हा वाद बेळगावात उकरायचं कारण नाही. शाळेच्या सहलीत बेळगावच्या किल्ल्यातलं जैन मंदिर, कमल बस्ती, दाखवतात ना, ती १२०४ सालची, रट्टांच्या राजवटीतली. हा ग्रंथ तिच्याही साडेतीनशे वर्षं आधीचा. त्यात आपली संख्या सांगताना आचार्य अकरा अंक मोजत बसत नाहीत. एकापासून सहापर्यंत जाणारी आणि मग क्रमानं कमी होणारी, एवढं सांगून मोकळे होतात.

गुणाकाराच्या उदाहरणांत त्यांनी असे बरेच नमुने दिले आहेत, ज्यांचं उत्तर दोन्ही बाजूंनी सारखं वाचता येतं. काहींना ते गळ्यातल्या हाराची उपमा देतात. त्यातलं एक उदाहरण:

२,७९,९४,६८१ × ४४१ = १२,३४,५६,५४,३२१

हे मुलीला करायला द्या, पण उत्तर आधी सांगू नका. डावीकडची संख्या बघून काही म्हणजे काही अंदाज येत नाही. आता आपल्याला अवयव माहीत आहेत, म्हणून त्यांनी हे कसं जुळवलं असेल ते ताडता येतं. ४४१ म्हणजे २१ चा वर्ग, ३ आणि ७ ची जोडी. उरलेले ११ × १३ × ३७ = ५२९१, आणि त्याचा वर्ग २,७९,९४,६८१. म्हणजे १,११,१११ चे २१ आणि ५२९१ असे दोन तुकडे करून दोघांचा वर्ग घेतला. आपल्या संख्येचे असे दोन वर्गांत तुकडे १६ तऱ्हांनी पडतात, १ × १२३४५६५४३२१ ही तऱ्हा धरून. त्या सोळांतून ही जोडी निवडण्यात मला शिक्षकाची नजर दिसते. १२१ घेतले असते तर अकराचा वास लागला असता. ४४१ नं गुणताना मात्र शेवटच्या बेरजेपर्यंत काही कळत नाही आणि मग एकदम सगळे अंक ओळीत येतात. माझं मत झालं हे. त्यांनी कारण लिहून ठेवलेलं नाही.

विसाव्या शतकात पुन्हा याच संख्यांच्या मागं लागले ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६). देवळालीला शाळामास्तर होते. एकांच्या वर्गातून येणाऱ्या १, १२१, १२३२१ या मालिकेला त्यांनी डेम्लो संख्यांत गणलं. डेम्लो हे जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरच्या डोंबिवली स्थानकाचं जुनं नाव, कल्पना त्यांना तिथं सुचली म्हणून. याच कापरेकरांनी ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेनं नि:शेष भाग जातो तिला हर्षद संख्या म्हटलं. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ३६. संख्या विषम, ३६ सम, भाग जाणं शक्यच नाही. म्हणजे कापरेकरांच्या एका यादीत ती मानानं बसते आणि दुसऱ्या यादीत दारातूनच परत येते. गंमत अशी, की सप्तमानातल्या तिच्या जुळ्या बहिणीला, म्हणजे ३८,४४,७३,६६४ ला, ३६ नं नि:शेष भाग जातो. अंकांच्या बेरजेवर ठरणारे गुण असे पद्धतीबरोबर बदलतात. विभाजकांचं तसं नाही. मराठीत लिहा, कन्नड अंकांत लिहा, सप्तमानात लिहा, आपल्या संख्येचे विभाजक २४३ च.

विभाजकांचीच आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडते. संख्या स्वतः सोडून तिच्या बाकीच्या सगळ्या विभाजकांची बेरीज केली आणि ती संख्येहून मोठी निघाली तर त्या संख्येला विपुल म्हणतात. बरोबर तेवढीच आली तर परिपूर्ण, जशी ६ किंवा २८. विपुल संख्या बहुतेक सम असतात. विषम आणि विपुल अशी पहिली संख्या गाठायला ९४५ पर्यंत जावं लागतं. आपली संख्या विषम असून विपुल आहे.

बेरीज करायला २४३ विभाजक लिहायचे नाहीत. प्रत्येक मूळ अवयवासाठी एक कंस: (१ + ३ + ९), (१ + ७ + ४९), (१ + ११ + १२१), (१ + १३ + १६९), (१ + ३७ + १३६९). म्हणजे १३ × ५७ × १३३ × १८३ × १४०७ = २५,३७,५५,२४,९९३. त्यातून संख्या वजा केली की १३,०२,९८,७०,६७२ उरतात, संख्येहून जास्त.

पण ३७ ला क्षणभर बाजूला ठेवा. उरतो ३००३ चा वर्ग, ९०,१८,००९. त्याच्या सगळ्या विभाजकांची बेरीज पहिल्या चार कंसांची, १,८०,३५,१९९. दुप्पट किती हवी होती? १,८०,३६,०१८. अवघ्या ८१९ नं कमी. नव्वद लाखांच्या संख्येला परिपूर्ण व्हायला एवढंसं कमी पडलं! विषम परिपूर्ण संख्या आजवर कुणाला सापडलेली नाही, तेव्हा हे बघून माणूस जरा सावरून बसतो. पण इथं आशेला जागा नव्हतीच. विषम वर्गसंख्येचे विभाजक सगळे विषम, त्यांची गणतीही विषम, म्हणून बेरीज विषम. आणि संख्येची दुप्पट सम. दोन्ही कधीच जुळणार नाहीत. विषम वर्गसंख्या परिपूर्ण असूच शकत नाही, हे दोन ओळींत सिद्ध झालं. मग ३७ परत आत घेतला की त्याचा कंस पारडं पलीकडं झुकवतो आणि संख्या विपुल होते.

आता ताईंच्या शेवटच्या प्रश्नाकडं. एसएसएलसीच्या ‘वास्तव संख्या’ धड्यात मूळ अवयव, लसावि, मसावि येतात. ही एक संख्या नीट केली तर तो धडा झाल्यात जमा. पायथागोरसचं प्रमेयही हिच्यावर करता येतं. कर्ण १,११,१११ असलेला, सगळ्या बाजू पूर्णांक असलेला काटकोन त्रिकोण काढा म्हटलं तर मुलं डोकं धरतात. पण १२, ३५, ३७ हे त्रिकूट माहीत असेल तर त्याची तिप्पट ३६, १०५, १११, आणि तिला १००१ नं गुणलं की ३६०३६, १०५१०५, १,११,१११. म्हणजे ३६०३६ चा वर्ग अधिक १०५१०५ चा वर्ग बरोबर आपली संख्या: १,२९,८५,९३,२९६ आणि ११,०४,७०,६१,०२५ मिळवून बघा. दुसरं त्रिकूट ३१, ४८०, ४८१. ३१ चा वर्ग ९६१, आणि ४८० + ४८१ ही तेवढेच, म्हणून ते जमतं. ४८१ म्हणजे १३ × ३७. त्याला २३१ नं गुणलं की ७१६१ आणि १,१०,८८० मिळतात. असे एकूण चार त्रिकोण होतात, उरलेले दोन ४२७३५ व १,०२,५६४ आणि ७३६८९ व ८३१६० यांचे. चारच का? १३ आणि ३७ ला चारनं भागलं तर बाकी १ उरते, ३, ७ आणि ११ ला भागलं तर ३ उरते. दोन वर्गांच्या बेरजेत फोड होते ती फक्त पहिल्या प्रकारच्या मूळ संख्यांमुळे. तेरा एकटा असता तर एकच त्रिकोण मिळाला असता.

प्रश्नमंजूषेत बहुधा एवढं खोल विचारणार नाहीत. आठ एकांचं मात्र विचारू शकतात, म्हणून मुलीला ते सरावाला द्या. महावीराचार्यांचंच दुसरं उदाहरण आहे, १,५२,२०७ × ७३ = १,११,११,१११. तिथून सुरुवात करावी आणि १,५२,२०७ चे अवयव पाडावेत. ११, १०१ आणि १३७ मिळाले पाहिजेत. मग १२३४५६७८७६५४३२१ ला किती विभाजक, ते तिनं मोजावं. उत्तर ८१ यायला हवं. २४३ आलं तर समजायचं की तिनं रीत पाठ केली, अवयव पाडले नाहीत.